ओंडक्यातला काळवीट

लाकडातून प्राणी कोरणे ही निव्वळ कल्पनाशक्तीची कामगिरी आहे, असा आम्हां पुस्तकी माणसांचा समज असतो. मूर्ती दगडात आधीपासूनच असते, शिल्पकार वरचे फाजील तेवढे काढून टाकतो, हे मत मायकेलअँजेलोच्या नावावर सांगितले जाते. आणि वर्गात ते खुलवून सांगताना आम्हांसही मोठी मौज वाटत आली आहे. परंतु लातूर-नांदेडच्या आमच्या नेहमीच्या येरझाऱ्यांत अहमदपूर तालुक्यातील एका सुतारमिस्त्रींच्या अंगणात जे घटकाभर बसणे होते, त्यावरून आम्ही म्हणू की, ओंडक्यात सर्वांत आधी काही असेल तर ते पाणी!

ओला ओंडका वाळताना आकसतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तो सगळीकडे सारखा आकसत नाही, ही खरी मेख. गाभ्याकडून सालीकडे तो जितका आकसतो, त्याच्या सुमारे दुप्पट वर्तुळांच्या अंगाने आकसतो. ही ओढाताण सोसेनाशी झाली की सालीपासून गाभ्यापर्यंत चीर जाते. आणि ती कोरलेल्या वाघाच्या नेमकी कपाळावरून गेली, म्हणजे महिन्याची मेहनत मातीस मिळाली. मराठवाड्यातला उन्हाळा तर लाकडाचा दावेदारच. म्हणून मिस्त्री ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना शेणमाती लिंपून तो सावलीत ठेवून देतात.

"लाकडाला आधी रडून घेऊ द्यावं लागतंय, सर," ते म्हणाले. "मग हात लावायचा."

हे संकट जगातील सर्वच कारागिरांवर आलेले आहे. जर्मनीतील रीमेनश्नायडरने आपल्या लाकडी संतांच्या पाठी आतून पोखरून ठेवल्या. जपानात जोचो याने 1053 साली ब्योदोइन मंदिरातील अमिताभ बुद्ध अनेक तुकडे जोडून घडविला. पण इतक्या दूर तरी कशास जा? नांदेडच्या पूर्वेस निर्मल आहे. 1956 पर्यंत ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. तेथील खेळणीवाले पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाचे प्राणी-पक्षी करतात, तेही तुकड्यातुकड्यांनीच. चिंचोके आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते तुकडे असे सांधतात की, वर रंग चढल्यावर सांधा शोधून सापडू नये.

आमच्या मिस्त्रींनी निराळीच वाट धरली होती. अंगणाच्या कोपऱ्यात एक जुनी सागवानी तुळई पडलेली होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांच्या सासुरवाडीचे माळवद बसले. दगडमातीच्या भिंतींचा ढिगारा झाला आणि त्या ढिगाऱ्यातून ही तुळई अखंड निघाली. घरातले कोण गेले हे त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

"हिचं रडून झालेलं हाय," एवढेच ते म्हणाले.

त्या तुळईतून त्यांनी काळवीट काढला. काढला म्हणजे काय, महिनाभर झुंज घेतली! जुना साग दगडासारखा. मध्येच एखादा खिळा दडून बसलेला असतो आणि पटाशीची धार बसल्या जागी जाते. तुळईचा तुकडा त्यांनी उभा धरला, कारण पायांत लाकडाचे तंतू आडवे राहिले तर पहिल्याच धक्क्याला पाय मोडतो. वाकसाने ढोबळ अंग काढले, मग पटाशीने मान. शिंगांचे पीळ वेगळ्या तुकड्यांत कोरून खाचेत बसविले. शेवटी काचकागद हातात घेतला, पण तो पाठीवरून फिरला आणि मानेपाशी थांबला. मानेवर पटाशीचे वळ तसेच आहेत. वर जवसाचे तेल: पाठीला पुष्कळ हात, पोटाला एकच, म्हणून पाठ काळपट आणि पोट उजळ. प्रदर्शनांतून हल्ली जे चकचकीत वाघ मिळतात ते आम्हांस साबणाचे वाटतात. हा प्राणी तसा नाही. त्याने मान मागे वळविली आहे, पुढचा एक पाय अर्धा उचलला आहे. आता उडी पडणार, इतक्यात कोणीतरी त्यास लाकडात धरून ठेवले आहे.

ही ढब मिस्त्रींनी कोणत्या चित्रात पाहिली, असे आम्ही विचारले. ते हसले. त्यांची चार एकर जमीन आहे. सोयाबीन दोन पानांवर आले की हरणांचा कळप रात्री शेतात उतरतो आणि हे बॅटरी व पत्र्याचा डबा घेऊन बांधावर बसतात. डबा वाजताच कळप पळतो. कळपाचा नर मात्र क्षणभर थांबतो आणि वळून पाहतो. 1972 च्या वन्यजीव कायद्याने काळविटास पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा डबा वाजविण्यापलीकडे हात चालवायचा नाही. आम्ही शहरातली माणसे या कायद्याचे मनापासून कौतुक करतो. तसे करावयास आमचे काहीच जात नाही.

"मग मिस्त्री, ज्याने पीक खाल्ले त्याचीच मूर्ती?"

"डोळे मिटले की तेच दिसतंय, सर. दुसरं काय कोरू?"

आमच्या व्याख्यानांतून सौंदर्यदृष्टीसाठी तटस्थपणा लागतो असे आम्ही सांगत आलो. पण इतके बारकाईने पाहावयास पोटाला चिमटा बसलेला असावा लागतो की काय, असे त्या उचललेल्या पायाकडे पाहून आम्हांस वाटू लागले आहे.

यंदाच्या पेरणीनंतर त्यांचा निरोप आला. बांधाकडच्या ओळी साफ झाल्या, दुबार पेरणी करावी लागली. तुळईचा तुकडा थोडा उरला आहे, त्यात मादी बसते का ते पाहतो आहे. तिला शिंगे नसतात, म्हणून लाकूड पुरेल.