पंप, नातवंडे आणि डोळ्यांची काळजी

ज्यांच्या नातवंडाला बालदमा आहे आणि त्याच्या औषधांचा डबा ज्यांच्या हाताशी असतो, अशा आजी-आजोबांसाठी हे लिहीत आहे. ‘पंपाने डोळे बिघडतात का?’ हा प्रश्न नांदेड-लातूर भागातील कुटुंबे मला वारंवार विचारतात. ही शंका अगदीच निराधार नाही. मात्र तिचा रोख चुकीच्या औषधाकडे आहे.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते. ती उतरवण्यासाठी स्टेरॉइड लागते. पंपातून ते मायक्रोग्रॅमच्या मापात, थेट श्वासनलिकांत जाते. गोळी किंवा सिरपमधून ते मिलिग्रॅमच्या मापात पोटात जाते आणि रक्तावाटे डोळ्यांपर्यंत पोहोचते. दीर्घकाळ अशा गोळ्या घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांत मोतीबिंदू आढळल्याची नोंद १९६० मध्येच झाली. काहींच्या डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदूही होतो. नेहमीच्या मात्रेतील पंपाने मुलांना हा धोका फारच अल्प असतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी याच भीतीने नातवाचा पंप बंद केला. सोयाबीनच्या राशीचे दिवस होते, मळणीयंत्राची धूळ उडत होती. मुलाला धाप लागली आणि त्या हंगामात तीनदा स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागल्या. डोळ्यांसाठी पंप सोडला आणि डोळ्यांना अधिक जड जाणारे औषधच वाढले! तीव्र झटक्यात डॉक्टरांनी दिलेला चार-पाच दिवसांचा गोळ्यांचा क्रम मात्र नाकारू नये. तो प्राण वाचवतो. जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या पुन्हापुन्हा आणणे घातक आहे.

दम्याच्या अनेक मुलांचे डोळे ॲलर्जीने खाजतात. सतत चोळल्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येऊ शकतो. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. औषध दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असू शकते. त्याने खाज लगेच थांबते, पण डोळ्यांतील दाब दुखल्याशिवाय वाढत राहतो आणि मूल तक्रार करीत नाही.

आजोबांचे काचबिंदूचे थेंबही मुलाच्या डोळ्यांत घालू नयेत. त्यांत टिमोलॉल असल्यास श्वासनलिका आवळून दम्याचा झटका येऊ शकतो. आजोबा, आपणांस स्वतःला दमा असेल, तर तेही नेत्रतज्ज्ञांना अवश्य सांगा.

वाफ देताना मास्क चेहऱ्यावर नीट बसवावा. इप्राट्रोपियमची वाफ डोळ्यांत गेल्यास बाहुली विस्फारते आणि काही काळ अंधुक दिसते. स्टेरॉइडची वाफ किंवा पंप घेतल्यावर चूळ भरावी; मास्क वापरला असेल, तर चेहराही धुवावा.

ज्या मुलाला गोळ्या वारंवार लागल्या किंवा स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस घातले गेले, त्याचे भिंग आणि डोळ्यांचा दाब नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही नेत्रविभाग आहेत. जाताना सर्व औषधे पिशवीत घालून न्या. तोवर पंप आपल्या मनाने बंद करू नका.