दारापासून खुर्चीपर्यंत : अमेरिकेतील बेसबॉल स्टेडियम आणि आपले ज्येष्ठ

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थिरावली की आई-वडिलांच्या वाट्याला पाच-सहा महिन्यांचा परदेशवास येतो. तिकडची थंडी सांध्यांना मानवत नाही, म्हणून तो बहुधा एप्रिल ते सप्टेंबर या काळात ठरवला जातो. नेमके हेच महिने तिकडे बेसबॉलच्या हंगामाचे असतात. घरातील तरुण मंडळी सामन्याला निघतात, आणि ‘तुम्हाला त्यातलं काय कळणार, शिवाय फार चालावं लागेल,’ असे म्हणून ज्येष्ठांना घरी ठेवले जाते. परतल्यावर हेच ज्येष्ठ माझ्या दवाखान्यात तपासणीसाठी येतात. वजन वाढलेले असते, साखर वर गेलेली असते, आणि बोलण्यात एक वाक्य हमखास येते : ‘घर मोठं होतं हो डॉक्टर, पण दार उघडून जायचं कुठे?’

गेल्या काही वर्षांत मुलीकडे जाणे झाले, तेव्हा अमेरिकेतील सात बेसबॉल स्टेडियम मी पाहिली. त्यांपैकी काही ठिकाणी माझी आई सोबत होती. तिचे वय आज ८१ आहे, एका गुडघ्याचे सांधेरोपण झाले आहे आणि रक्तदाबाची गोळी नित्याची आहे. तिच्यासोबत हिंडताना माझी आवडनिवड बदलली. स्टेडियम किती प्रसिद्ध आहे, याला माझ्या लेखी आता फारसे महत्त्व उरलेले नाही. गाडीतून उतरल्यापासून खुर्चीत टेकेपर्यंत किती पावले, किती पायऱ्या, वाटेत सावली किती आणि स्वच्छतागृह किती जवळ, या मोजमापाने मी स्टेडियम जोखतो. ही मोजपट्टी आपल्याही उपयोगी पडावी, म्हणून हा लेख.

खेळ ज्येष्ठांना सोयीचा कसा?

क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला बेसबॉल परका वाटत नाही. चेंडू टाकणारा, तो टोलवणारा आणि झेल घेणारा एवढे ओळखता आले की निम्मा खेळ कळतो. डाव नऊ असतात आणि प्रत्येक डावाच्या मध्ये थोडी उसंत मिळते. चेंडू किती वेळात टाकावा याचे घड्याळ २०२३ पासून लागू झाले आणि पूर्वी तीन तासांहून थोडा अधिक चालणारा सामना आता सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास संपतो. सातव्या डावाच्या मध्यावर सर्व प्रेक्षक उठून उभे राहतात आणि १९०८ सालचे एक गाणे मिळून गातात. ही प्रथा वैद्याने घालून दिल्यासारखी आहे. दोन तास पाय लोंबकळत ठेवल्यावर रक्त पोटऱ्यांत साचते. उभे राहून टाचा दहा-बारा वेळा वरखाली केल्या की पोटरीचे स्नायू ते रक्त वर ढकलतात. गाणे येत नसले तरी उभे अवश्य राहावे.

मनापासून आवडलेली तीन

पहिला मान पिट्सबर्गच्या ‘पीएनसी पार्क’ला. अलेघेनी नदीच्या काठी २००१ मध्ये उभे राहिलेले हे स्टेडियम सुमारे ३८ हजार प्रेक्षकांचे, म्हणजे तिकडच्या मानाने आटोपशीर. प्रेक्षकांचे मजले मुख्यत्वे दोनच असल्याने वरची खुर्चीही मैदानापासून फार लांब जात नाही. सामन्याच्या दिवशी रॉबर्टो क्लेमेंटे पूल वाहनांसाठी बंद ठेवतात आणि माणसे नदीवरून रमतगमत चालत येतात. ज्यांना तेवढेही चालवत नाही, त्यांच्यासाठी मध्य शहरातून नदीखालून येणारी लाइट रेल आहे आणि त्या टप्प्याला तिकीट लागत नाही. समोर नदी, पूल आणि शहराच्या उंच इमारती दिसतात. खेळ कळला नाही तरी डोळे निवतात. क्लेमेंटे हा येथील थोर खेळाडू. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना १९७२ च्या शेवटच्या दिवशी विमान अपघातात त्याचा अंत झाला. त्याच्या २१ या क्रमांकाची आठवण म्हणून उजवीकडची भिंत २१ फूट उंच बांधली आहे. आईला ही हकिकत सांगितली, तेव्हा ती सामना संपेपर्यंत त्या भिंतीकडेच पाहत होती. पिट्सबर्गचे व्यंकटेश्वर मंदिर पाहायला अनेक मराठी कुटुंबे जातातच. त्याच फेरीत हे जमण्याजोगे आहे.

दुसरे न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातले ‘सिटी फील्ड’. हे २००९ मध्ये उघडले. सात क्रमांकाच्या सबवेचे स्थानक स्टेडियमच्या अगदी समोर आहे आणि सामन्याच्या दिवशी पेन स्टेशनहून लाँग आयलंडची रेल्वेही तेथे थांबते. म्हणजे न्यू जर्सीकडून येणाऱ्यांची सोय होते. मुख्य प्रवेशदारातले गोल दालन जॅकी रॉबिन्सन यांच्या नावाचे आहे. वर्णभेदाची भिंत ओलांडून १९४७ मध्ये मुख्य प्रवाहातील बेसबॉल खेळलेला आधुनिक काळातला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ पासून सर्वच संघांनी निवृत्त केला. दालनातून वर जाण्यास सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही आहेत. जवळच फ्लशिंगचे १९७७ सालचे गणपतीचे मंदिर आहे. दुपारी दर्शन, तेथील उपाहारगृहात डोसा आणि संध्याकाळी सामना, असा दिवस ज्येष्ठांना झेपतो.

तिसरे सॅन फ्रान्सिस्कोचे ‘ओरॅकल पार्क’, २००० साली खाडीकाठी बांधलेले. उजव्या भिंतीपलीकडे थेट पाणी आहे आणि तेथे लोक लहान होड्या घेऊन चेंडू झेलण्यासाठी ताटकळत असतात. कॅलट्रेनचे स्थानक चालण्याच्या अंतरावर असून शहरातली ट्राम दाराशी थांबते. येथे काळजी घ्यायची ती एकाच गोष्टीची. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, या समजुतीने सुती साडीत किंवा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात गेलात, तर जुलैच्या रात्रीही खाडीवरचा वारा हाडे गोठवतो. गार वाऱ्याने रक्तवाहिन्या आकसतात. छातीत दुखण्याचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांना ते बाधते. स्वेटर, कानटोपी आणि गुडघ्यावर शाल हवीच. शक्यतो दुपारचा सामना निवडावा.

आदर आहे, पण जपून

बोस्टनचे ‘फेनवे पार्क’ हे आज वापरात असलेले सर्वांत जुने मोठे बेसबॉल स्टेडियम. २० एप्रिल १९१२ रोजी, म्हणजे टायटॅनिक बुडाल्यानंतर पाचच दिवसांनी, ते सुरू झाले. डावीकडची ३७ फूट उंच हिरवी भिंत आणि तिच्यातला हाताने आकडे बदलण्याचा धावफलक पाहण्यासारखा आहे. मात्र शंभर वर्षांपूर्वीचे बांधकाम म्हणजे अरुंद लाकडी खुर्च्या, पुढे कमी जागा आणि काही ठिकाणी दृष्टीआड येणारे खांब. सांधेरोपण झालेला गुडघा अडीच तास दुमडून बसणे कष्टाचे. माझा सल्ला असा : येथे सामन्याचा हट्ट धरू नये; दिवसा मार्गदर्शकासह स्टेडियम दाखवणारी फेरी असते, ती घ्यावी. इतिहास तोच, गर्दी मात्र नाही.

डेन्व्हरचे ‘कूर्स फील्ड’ वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत मनोरंजक. वरच्या मजल्यावर एक खुर्च्यांची रांग जांभळी रंगवली आहे. ती समुद्रसपाटीपासून नेमकी एक मैल, म्हणजे १,६०९ मीटर उंचीची खूण. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे तिथे बसणे हे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर बसण्यासारखे. हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो, आणि आपल्या फुप्फुसांनाही प्राणवायू सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी मिळतो. निरोगी माणसाला थोडी धाप, डोकेदुखी, तोंडाला कोरड एवढेच जाणवते. दीर्घकालीन फुप्फुसविकार, हृदयाची कमी झालेली क्षमता किंवा तीव्र पांडुरोग असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच जावे. डेन्व्हरला पोहोचल्याच्या दिवशी सामना ठेवू नये. दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि खालच्या मजल्याचे तिकीट काढावे.

न आवडलेली दोन

शिकागोच्या दक्षिण भागातले, १९९१ मध्ये बांधलेले आणि आज ‘रेट फील्ड’ नावाने ओळखले जाणारे स्टेडियम माझ्या यादीत खाली आहे. त्याचा वरचा मजला उंच आणि फार चढा. ही तक्रार जुनीच आहे. पुढे नूतनीकरणात सर्वांत वरच्या आठ रांगा काढून टाकाव्या लागल्या. चष्म्यात खालचा भाग वाचनाचा असेल, तर पायरी उतरताना तिची कड धूसर दिसते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला असा एक चुकलेला पाय महागात पडू शकतो. येथे जायचेच असेल तर खालच्या मजल्यावरच बसावे. मेट्रोचे स्थानक जवळ आहे, हा गुण मान्य करायला हवा.

दुसरे टेक्सासमधील आर्लिंग्टनचे २०२० साली उघडलेले ‘ग्लोब लाइफ फील्ड’. आत गेल्यावर नाव ठेवायला जागा नाही. छप्पर मिटते, हवा थंड असते. अडचण आहे ती आत जाईपर्यंतची. मेट्रो किंवा रेल्वे दारापर्यंत जात नाही, त्यामुळे सारी मदार मोटारीवर आणि विस्तीर्ण वाहनतळांवर. टेक्सासच्या उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावरून चालणे हे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठाला भोवळ आणू शकते. चालकाने ज्येष्ठांना आधी दाराशी उतरवावे, कोणीतरी सोबत थांबावे आणि मगच गाडी लावायला जावे.

खुर्ची कुठली घ्यावी?

बहुतेक मैदानांवर फलंदाजाचे तोंड पूर्व-ईशान्येकडे असेल अशी रचना असते, म्हणजे मावळतीचे ऊन त्याच्या डोळ्यांत जात नाही. याचा लाभ प्रेक्षकांनाही घेता येतो. फलंदाजाच्या मागची आणि तिसऱ्या बेसच्या बाजूची जागा दुपारनंतर लवकर सावलीत येते. पहिल्या बेसकडच्या आणि उजव्या टोकाच्या प्रेक्षकांच्या चेहऱ्यावर ऊन राहते. मोतीबिंदू असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. शिवाय खुर्ची संरक्षक जाळीमागचीच घ्यावी. तिरकस उडालेला चेंडू गोळीसारखा येतो आणि सत्तरीनंतर मान बाजूला करायला लागणारा वेळ वाढलेला असतो. रांगेच्या कडेची जागा घ्यावी, म्हणजे स्वच्छतागृहासाठी उठताना दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुष्कळ पुरुष या संकोचाने पाणीच पीत नाहीत. उन्हात ते घातक आहे.

सांभाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने व्हीलचेअरची जागा आणि तिच्या शेजारी सोबत्याची खुर्ची ठेवणे स्टेडियमला बंधनकारक आहे. व्हीलचेअर नित्य वापरणाऱ्यांखेरीज ज्यांना आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे पायऱ्या चढता येत नाहीत, त्यांनाही ही तिकिटे घेता येतात आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला मागता येत नाही. पुष्कळ स्टेडियममध्ये दारापासून खुर्चीपर्यंत व्हीलचेअरने पोहोचवणारे कर्मचारीही असतात. एका ठिकाणी, त्याचे नाव येथे घेत नाही, लिफ्ट बंद होती आणि जिन्याकडे बोट दाखवले गेले. आई निमूटपणे चढायला निघाली. तिला थांबवून मी पर्यवेक्षकाला बोलावून घेतले, तेव्हा मागच्या बाजूची दुसरी लिफ्ट निघाली. आपली पिढी ‘कशाला त्रास द्यायचा’ म्हणत सोसते. तेथे विचारणे हा उद्धटपणा मानला जात नाही.

निघण्यापूर्वी

रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे ठरलेल्या वेळी घ्यावीत. सामन्यासाठी वेळ पुढे ढकलू नये. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात, कारण खाद्यपदार्थांच्या रांगा लांब असतात. बाजारातील हॉटडॉग, नाचोज यांत मीठ भरपूर. सुजणाऱ्या पायांना ते नको. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा मात्र तिथेही परंपरेने मिळतात, त्या बिनमिठाच्या मिळाल्या तर निवांत सोलत बसावे. औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी आणि विम्याची माहिती जवळ असावी. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. औषधांच्या पिशवीबाबतचा नियम त्या स्टेडियमच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावा. प्रथमोपचार कक्ष कोठे आहे, हे आत शिरतानाच विचारून ठेवावे. आणि पाचव्या डावात थकवा आला तर उठून निघावे. नऊ डाव पुरे करण्याची शपथ कोणी घेतलेली नसते.

तरुण वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी तिकिटे काढताना आधी एक खालच्या मजल्यावरची, सावलीतली, कडेची खुर्ची निवडा आणि उरलेल्या तिच्या शेजारी घ्या. आई-वडिलांना तुम्ही हजारो मैलांवरून आणले आहे. आता प्रश्न शेवटच्या काही पावलांचा आहे.