तीस खणांच्या बाई

'डायब्लो २'मध्ये बाई लगेच भेटत नाहीत. आधी गावाबाहेरच्या माळरानावर चार-दोन राक्षस लोळवावे लागतात. मग दुसरी लेव्हल लागते, पडद्याच्या तळाशी दोन नवी बटणं उगवतात आणि उजवीकडचं दाबलं की निम्मा पडदा अडवून बाई हजर. दगडात कोरलेले चौकोनी खण, एका खणातून दुसऱ्याकडे जाणारे बाण आणि कोपऱ्यात शिल्लक पॉइंटांचा आकडा. यांचं नाव स्किल ट्री. तुमचा हिरो काय शिकणार आणि काय शिकणार नाही, हे यांच्या घरात ठरतं. ओळख करून घ्याच, कारण यांच्याशी जमवून घेतल्याशिवाय या खेळात कुणाचं पान हलत नाही.

बाईंचा जन्म कॅलिफोर्नियातला. ब्लिझार्ड नॉर्थ या कंपनीने जून २०००मध्ये खेळ बाजारात आणला, तेव्हा त्यांची पाच घरं होती : अॅमेझॉन, नेक्रोमॅन्सर, बार्बेरियन, सॉर्सरेस आणि पॅलाडिन. पुढच्याच वर्षी 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' आलं आणि असॅसिन व ड्रुइड ही आणखी दोन घरं वाढली. प्रत्येक घरात तीन दालनं, प्रत्येक दालनात दहा खण, म्हणजे घरटी तीस स्किल. सामान घरोघरी वेगळं, शिस्त मात्र सातही घरांत तीच.

हात आखडता, हा बाईंचा पहिला गुण. लेव्हल वाढली की एक पॉइंट, रेशनच्या दुकानातल्या मापासारखा, दाणाभरही जास्त नाही. लेव्हली ९९, म्हणजे वाढीचे पॉइंट ९८. वर काही कामगिऱ्यांचे मिळतात : डेन ऑफ एव्हिल साफ केल्याचा एक, रॅडमेंटला मारून मिळालेल्या पुस्तकाचा एक, इझ्युअलच्या आत्म्याला मोकळं केल्याचे दोन. नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल या तिन्ही पायऱ्यांवरचे धरून असे बारा होतात. एकूण ११०. आणि एका खणात २० पॉइंट मावतात, म्हणजे सगळं घर भरायला ६०० लागतील! सहा खोल्या दाखवायच्या आणि जेमतेम एका खोलीपुरत्या किल्ल्या द्यायच्या, असा बाईंचा आदरसत्काराचा प्रकार. तेही ९९वी लेव्हल गाठलीत तर. ती गाठणारे विरळा. बहुतेकांचे हिरो ८०-९०च्या घरातच म्हातारे होतात.

घाई केलेली त्यांना खपत नाही. खण उघडण्याच्या वेळा ठरलेल्या : पहिली लेव्हल, सहावी, बारावी, अठरावी, चोविसावी आणि तिसावी. तोवर ते खण काळोखात. शिवाय बाणांची वाट चुकवून चालत नाही. सॉर्सरेसला बर्फाचं वादळ हवं असेल, तर आधी फ्रॉस्ट नोव्हा आणि ग्लेशियल स्पाइक यांच्या उंबऱ्यावर एकेक पॉइंट ठेवावा लागतो. मधली माणसं वगळून थेट वरच्या मजल्यावर गेलेलं बाईंना चालत नाही.

या शिस्तीतून एक खास जमात तयार झाली : साठवणाऱ्यांची. माझा एक मित्र त्यातलाच. त्याची सॉर्सरेस चोविसाव्या लेव्हलच्या वादळासाठी पॉइंट जपून ठेवायची. पडद्याच्या तळाशी बटण अखंड लुकलुकत असे, समोर राक्षसांची रांग, हिच्या हाती किडुकमिडुक मंत्र, आणि हा पठ्ठ्या ते बटण दाबायला तयार नसे. पळ, थांब, मार, पुन्हा पळ, असा एकेक मैदान पार. चोविसावी लागली त्या संध्याकाळी त्याने साठवलेले सगळे पॉइंट योग्य त्या खणांत एका दमात ओतले आणि पहिलं वादळ सोडलं. पडदाभर बर्फाचे सुळे कोसळले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न पार पडल्याचं समाधान होतं. बाईंनी कमावून ठेवलेली माणसं ती अशी.

स्मरणशक्ती जबरदस्त, आणि इथेच बाईंचा खरा दरारा. पॉइंट एकदा खणात पडला की पडला. जवळजवळ दहा वर्षं त्यांच्या घरी खोडरबर नावाची वस्तूच नव्हती. एखादा हौशी गडी 'सगळंच थोडं थोडं शिकू' म्हणत इथे तीन, तिथे चार असे पॉइंट वाटत सुटायचा. नॉर्मलमध्ये बाई हूं की चूं करत नसत. नाइटमेअरमध्ये जरा भुवई उंचवायच्या. हेलमध्ये पाऊल टाकलं की पहिल्याच माळरानावर साधा झोंबी मरता मरेना, आणि मग कळायचं की हिशेब वहीत उतरला होता. त्यावर उपाय एकच : नवा हिरो, पहिली लेव्हल, पुन्हा श्रीगणेशा.

हेलमध्ये बाई तोंडी परीक्षा घेतात. तिथे कुणावर आग चालत नाही, कुणावर बर्फ, कुणावर वीज. नुसत्या बर्फावर वाढलेली सॉर्सरेस बर्फाला न जुमानणाऱ्या राक्षसापुढे उभी राहिली की पाहत बसते. तलवारीच्या जोरावर आलेल्या बार्बेरियनची गत आर्केन सँक्च्युअरीत होते. चांदण्यात तरंगणाऱ्या त्या अरुंद पुलांवर भुतं येतात आणि हेलमध्ये त्यांना शस्त्राचा घाव लागत नाही. हा आपला गरगर फिरतोय, घाव घालतोय, भुतं मात्र त्याच्याभोवती निवांत. बार्बेरियनांचं लाडकं व्हर्लविंड तिथे निकामी.

पण बाई उलट्या काळजाच्या नाहीत. त्याच घरात तिसाव्या लेव्हलचा एक खण आहे, बर्सर्क. त्यात एक पॉइंट टाकला की घाव जादूचा होतो आणि भुतं मरू लागतात. बदल्यात स्वतःचा बचाव शून्यावर येतो, ही बाईंची फी. शिवाय बर्सर्ककडे जाणारा बाण ज्या खणातून निघतो, तोच व्हर्लविंडच्याही वाटेवर आहे. म्हणजे उंबऱ्याचा पॉइंट आधीच भरलेला. पेपर अवघड काढतील, पण त्याचं उत्तर पुस्तकात असेल याची काळजी त्या घेतात.

एका पॉइंटाचं मोल जाणणाऱ्यावर तर त्या खूश असतात. काही अंगठ्या, ताईत, शिरस्त्राणं सगळी स्किल वाढवतात. नावाजलेली अंगठी 'स्टोन ऑफ जॉर्डन' एकाने, 'हार्लेक्विन क्रेस्ट' हे शिरस्त्राण दोनाने. ही वाढ मिळते ती स्वतःचा निदान एक पॉइंट असलेल्या खणाला. रिकाम्या खणाला काही नाही. म्हणून जाणकार सॉर्सरेस वॉर्म्थमध्ये एक, स्टॅटिक फील्डमध्ये एक, टेलिपोर्टमध्ये एक असं शिंपडून ठेवते आणि अंगावर दागिने चढले की प्रत्येक खण आपोआप पाच-दहा पायऱ्या वर जातो. कंजूष म्हणून ज्यांचं नाव झालं, त्या बाई इथे एकाचे दहा करून देतात.

ऑक्टोबर २००३मध्ये १.१० हा पॅच आला आणि बाईंनी नातीगोती उघड केली. तोवर खालचे खण म्हणजे नुसत्या पायऱ्या. मोठं स्किल हाती आलं की धाकट्यांकडे कुणी ढुंकून पाहत नसे. पॅचनंतर सिनर्जी आली, म्हणजे धाकट्यांत घातलेला पॉइंट थोरल्याला बळ देऊ लागला. पहिल्या लेव्हलचा बापुडा आइस बोल्ट थेट वादळाच्या पंगतीला जाऊन बसला. वादळात २०, त्याच्या तीन नातलगांत २०-२०, असे ८० पॉइंट एकाच कुटुंबात जाऊ लागले. ८५व्या लेव्हलच्या हिरोकडे सगळे मिळून ९६ असतात. उरलेल्या सोळांत बाकीचा संसार. आणि इथे दागिन्यांची मात्रा चालत नाही. नातं जुळतं ते स्वतः घातलेल्या पॉइंटांवर, अंगठीने वाढवलेल्यांवर नाही. बाई श्रीमंतीला मान देतात, पण सोयरीक घाम पाहून करतात.

पक्षपातही आहे, आणि तो त्या लपवत नाहीत. पॅलाडिनच्या ब्लेस्ड हॅमरवर त्यांचा जीव. हातोडा सुटतो तो शत्रूकडे सरळ जात नाही, पॅलाडिनभोवती चक्रं घेत बाहेर सरकतो. नेमका लागायला कुठे उभं राहायचं, हे अंगवळणी पडावं लागतं. पण मार जादूचा, आणि जादूला दाद न देणारे राक्षस मोजके. त्याच्या नातलगांपैकी एक म्हणजे व्हिगर, म्हणजे जोरात पळण्याची शक्ती. ती वापरायचीही गरज नाही. तिच्यातला प्रत्येक पॉइंट हातोड्याचा मार १४ टक्क्यांनी वाढवतो. म्हणून हजारो पॅलाडिनांनी पळण्यात २० पॉइंट घातले आणि ते जागेवर उभे राहून हातोडे फिरवत राहिले. या जोडणीला खेळाडूंनी 'हॅमरडिन' असं नाव दिलं. इतर घरच्यांनी नाकं मुरडली. बाईंनी लाड सोडले नाहीत.

पडद्याच्या डाव्या बाजूला त्यांची शेजारीण राहते. ताकद, चपळाई, प्राण आणि ऊर्जा असे चार रकाने तिच्याकडे, आणि लेव्हलमागे पाच पॉइंट. ती हाताने सैल दिसते, म्हणून नवखा फसतो. सॉर्सरेस मंत्र टाकते, म्हणजे तिला ऊर्जा हवी, असा साधा विचार करून तो ऊर्जेत पॉइंट ओततो आणि हेलमध्ये एका फटक्यात आडवा होतो. मुरलेले लोक चिलखत पेलेल इतकी ताकद घेतात, ढाल नीट चालेल इतकी चपळाई घेतात आणि बाकी सगळं प्राणात टाकतात. ऊर्जेचा रकाना बहुतांशी कोराच.

दोघींच्या अंगणात एक घड्याळ आहे. खेळाचा सेकंद २५ फ्रेमांचा. सॉर्सरेस साधारणपणे १३ फ्रेमांत मंत्र टाकते. मंत्राचा वेग वाढवणारी आयुधं ६३ टक्क्यांवर नेली की नऊ फ्रेमांत, १०५ टक्क्यांवर नेली की आठ. मधलं काही जमेला धरलं जात नाही. १०४ घेऊन आलात तर ६३वाल्याच्याच रांगेत उभे राहा. एका टक्क्यासाठी लोक आठवडेच्या आठवडे एखादा ताईत शोधत फिरतात, आणि सापडला की तो आनंद खराखुरा असतो.

२०१०मध्ये १.१३ पॅच आला आणि बाई विरघळल्या. छावणीतल्या अकाराचं डेन ऑफ एव्हिलचं काम केलं की ती सगळे पॉइंट परत देऊ लागली, प्रत्येक पायरीवर एकदा, फुकट. त्यापुढे लागलेच, तर हेलमधल्या बड्या राक्षसांकडून चार अर्क मिळवून होराड्रिक क्यूबमध्ये एकत्र करायचे, म्हणजे माफीचं टोकन मिळतं. काही जुन्यांना वाटलं, धाक गेला. मला हा निर्णय मनापासून पटतो. शंभर तास घालवलेल्या माणसाला एका चुकीपायी घराबाहेर काढण्यात शिस्त कसली? माफी मिळते, पण फुकट ती तीनदाच, नंतर कष्टाने. बाईंचा स्वभाव त्यातही शाबूत आहे.

त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी बरेच प्रयोग केले. २०१२च्या 'डायब्लो ३'ने पॉइंटच काढून टाकले; कुठलंही स्किल केव्हाही बदला. सोय झाली, पण एका जातीचा दुसरा हिरो घडवण्याचं कारण उरलं नाही. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने 'पाथ ऑफ एक्झाइल' आणला. त्यात सगळ्या जातींसाठी एकच अवाढव्य जाळं, हजाराहून अधिक टिंबांचं, बाईंच्या शिस्तीला कळसाला नेणारं. २०२३च्या 'डायब्लो ४'ने पॉइंट आणि खण परत आणले. आणि मूळ बाई २०२१च्या 'रिसरेक्टेड'मध्ये नवं लुगडं नेसून पुन्हा कामावर रुजू झाल्या.

या बाई इतकी वर्षं टिकल्या त्या त्यांच्या नकारामुळे. ६००पैकी ४९० त्या नाकारतात, म्हणून उरलेल्या ११०मधून तुमचा हिरो दुसऱ्याच्या हिरोहून वेगळा निघतो. ज्या खेळात सगळं मिळतं, तिथल्या हिरोला नाव असतं, ओळख नसते.

तेव्हा एक आग्रह. पहिला हिरो घडवताना इंटरनेटवरची तयार बिल्ड उतरवून घेऊ नका. खण स्वतः वाचा, बाण स्वतः तपासा, आवडेल तिथे पॉइंट टाका आणि हेलपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहा. चुकलात तर अकारा आहे, तिन्ही पायऱ्यांवर एकेकदा, फुकट.