पांढरा पट्टा आणि लाल शाई

चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने फावल्या वेळात काय करावे, याविषयी आपल्याकडे काही ठरलेले संकेत आहेत. त्याने सकाळी फिरायला जावे, योगासने करावीत, फार तर पेटी शिकावी किंवा मोडी लिपीच्या वर्गाला नाव घालावे. पांढरे जाड सुती कपडे घालून, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत अगदी शेवटी उभे राहून त्याने हवेत गुद्दे मारावेत, हे कोणत्याच संकेतात बसत नाही. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही नेमके हेच केले. त्या वेळी त्यात विचार असा काहीच नव्हता. लेकीला कराटेच्या वर्गाला सोडायचे आणि तास संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर उत्तरपत्रिका तपासत बसायचे, असा आमचा दोन वर्षांचा परिपाठ होता. एके दिवशी वर्गाचे मुख्य शिक्षक म्हणाले, "सर, बसून कंटाळत नाही का? कपडे घ्या आणि आत या." आम्ही विनोद म्हणून हसलो आणि पुढच्या सोमवारी आत गेलो.

जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या, नावाने वसवलेले गाव. आखून वसवलेले असल्यामुळे इथल्या गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदतात आणि क्रमांकांनी ओळखल्या जातात. अशाच एका गल्लीत, पूर्वी तंबाखूची वखार असलेल्या एका लांबट खोलीत हा वर्ग भरतो. हवा दमट झाली की भिंतींना अजून तंबाखूचा वास येतो. ज्या महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले, त्यांच्याच गावात राहून तालीम सोडून हे जपानी खूळ कशाला, असे आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण तालमीतल्या लाल मातीत पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथम उतरणाऱ्यास वस्ताद हात जोडून परत पाठवतील. इथे मात्र पांढरा पट्टा कोणत्याही वयाच्या कमरेला बसतो.

पहिल्या संध्याकाळी कळले ते एवढेच, की आपल्याला एक शरीर आहे आणि ते आपले ऐकत नाही. तासाचा आरंभ वज्रासनासारखे बसून, डोळे मिटून होतो. आमचे गुडघे तेवढ्यानेच कुरकुरू लागले. मग 'इची, नी, सान, शी' अशा मोजणीवर ठोसे. ठोसा म्हणजे हात पुढे फेकणे, अशी आमची समजूत होती. तसे नसते. एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा तितक्याच वेगाने कमरेपाशी मागे ओढायचा असतो आणि जोर खांद्यातून न येता कंबरेच्या वळण्यातून यायचा असतो. शेजारची आठ वर्षांची मुलगी हे सहज करत होती. आम्ही पुढच्या हाताकडे लक्ष दिले की मागचा विसरत होतो, मागच्याकडे दिले की मागच्या पायाची टाच जमीन सोडत होती. आणि दर वेळी मागून एक आवाज यायचा, "सर, टाच उचलालीय बघा. परत."

हा आवाज आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. नवशिक्यांची रांग त्याच्याकडे असते. कमरेला काळा पट्टा, वय आमच्याहून अठरा वर्षांनी कमी. जपानीत शिक्षकाला 'सेन्सेई' म्हणतात आणि त्यातल्या दोन चिन्हांचा शब्दशः अर्थ 'आधी जन्मलेला' असा होतो. त्या खोलीपुरता तो आमच्या आधी जन्मलेला होता, यात शंका नव्हती. 'दोजो' हा शब्दही भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. मार्गाचे स्थान असा त्याचा अर्थ, आणि बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादकांनी ही चिन्हे मूळ संस्कृत 'बोधिमंड' या शब्दासाठी वापरली होती. बुद्धाला बोध झाला ती जागा! म्हणजे आपल्याकडून गेलेली एक संज्ञा चीन आणि जपान फिरून तंबाखूच्या वखारीत येऊन बसली आहे. ही माहिती आम्ही उत्साहाने त्या तरुणाला सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "भारी आहे सर. टाच."

महिन्याभराने 'काता' सुरू झाला. मुले त्याला 'काटा' म्हणतात. काता म्हणजे कल्पित प्रतिस्पर्ध्यांशी झुंजण्याचा, क्रम ठरलेल्या हालचालींचा पाठ. आमच्या वाट्याला आला तो पहिला, 'हेइआन शोदान'. एकवीस हालचाली. डावीकडे वळून खाली अडवायचे, एक पाऊल पुढे टाकून ठोसा मारायचा, मग उलट फिरायचे. वळणे बहुतेक काटकोनी, जयसिंगपूरच्या गल्ल्यांतून चालल्यासारखी, आणि शेवट जिथून निघालो त्याच जागी. या मालिकेतले पाचही काता अडवण्याच्या हालचालीने सुरू होतात, ठोशाने नव्हे. कराटेत पहिला वार आपण करायचा नसतो, हे तत्त्व असे रचनेतच गोवलेले आहे. हे आम्हाला रुचले आणि अर्थातच आम्ही प्रश्न विचारू लागलो. ही खालची अडवणूक नेमकी कशासाठी? इथे मूठ वर्तुळात का फिरते? प्रतिस्पर्ध्याने मनगट धरले आहे असे समजायचे का? तो तरुण म्हणाला, "सर, आधी पाठ होऊ द्या. अर्थ मागनं अंगातनं येतो."

मराठीच्या अध्यापकाला हे वाक्य टोचावे तसे टोचले. वीस वर्षे आम्ही वर्गात घोकंपट्टीविरुद्ध बोलत आलो आहोत. पण हळूहळू लक्षात आले की आमच्या मनात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. कात्यात पाठ करायची असते ती संहिता. तिचे भाष्य, ज्याला तिथे 'बुनकाई' म्हणजे उकलणे म्हणतात, ते नंतर येते, अनेक प्रकारचे असते आणि साधकागणिक बदलते. आमचे विद्यार्थी पाठ करतात ते भाष्य, तेही बाजारातल्या मार्गदर्शकातले. संहितेची पाने कोरीच राहतात. संहितेच्या मानाने पाहिले तर कात्याचा इतिहास आपल्या अभ्यासविषयाहून फार वेगळा नाही. ओकिनावातील इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शाळकरी मुलांसाठी 'पिनान' नावाचे पाच काता सिद्ध केले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी त्याच चिन्हांना 'हेइआन' हा जपानी उच्चार दिला आणि पहिल्या दोहोंचा क्रम उलटा केला. त्यामुळे आमचा पहिला काता दुसऱ्या काही परंपरांत आजही दुसरा आहे. पाठभेद आहेत, पाठशुद्धी आहे, आपलीच प्रत मूळ असल्याचा आग्रहही आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे दर वर्षी शिकवणाऱ्याला यात परके काय वाटावे?

परके वाटले नाही, उलट एक जुनी गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. हा तरुण पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे होता. अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही तुकारामांच्या अभंगांतील आत्मसंवादावर निबंध लिहायला सांगितला होता. त्याच्या निबंधात एकामागून एक अभंगच होते. मध्ये 'पुढे म्हणतात' एवढेच शब्द. आम्ही लाल शाईने शेरा मारला, 'सगळे पाठ केलेले. स्वतःचे काही नाही,' आणि तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. वर्ग हसला, आम्हीही हसलो. पुढच्या वर्षी त्याने मराठी हा विशेष विषय घेतला नाही. ही गोष्ट आम्ही विसरलो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. मागून "परत" असा आवाज आला की ती आठवायची.

फुनाकोशींविषयी थोडे सांगायला हवे. ते पेशाने शाळाशिक्षक. शाहू महाराज गेले ते १९२२ साल. त्याच वर्षी, त्रेपन्नाव्या वर्षी, ते कराटेचे प्रात्यक्षिक दाखवायला ओकिनावाहून तोक्योला गेले आणि तिथेच राहिले. राहिले ते ओकिनावी विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात, राखणदारी आणि झाडलोट करत. कविता लिहिताना ते 'शोतो' हे नाव घेत, त्यावरूनच पुढे त्यांच्या परंपरेला 'शोतोकान' म्हणू लागले. 'कराटे' या शब्दातले चीनचा निर्देश करणारे जुने चिन्ह बाजूला सारून 'रिक्त' या अर्थाचे चिन्ह रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि त्या रिक्ततेत केवळ निःशस्त्र हात नव्हे तर बौद्धांचे शून्यही त्यांना अभिप्रेत होते. पण आमच्या मनात राहिली ती त्यांच्या आत्मकथनातली एक साधी आठवण. त्यांचे गुरू आझातो रात्री आपल्या घराच्या अंगणात त्यांच्याकडून एकच काता आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्महिने करवून घेत. बोलत फारच थोडे. बहुधा 'पुन्हा', नाहीतर 'अजून थोडे', एवढेच.

डिसेंबरात परीक्षा झाली. बारा मुले आणि आम्ही. समोरच्या टेबलाशी तीन परीक्षक, भिंतीशी पालक, त्यांत आमचे दोन विद्यार्थीही. नवव्या हालचालीनंतर, मोठ्याने आरोळी देऊन उजव्या पायावर फिरायचे असते तिथे, आम्ही फिरलो आणि पुढचे सगळे पुसले गेले. इतकी वर्षे फळ्यासमोर उभे राहून कधी न अनुभवलेली रिक्तता! कोणी हसले नाही. मुलेही नाहीत. मधले परीक्षक म्हणाले, "परत करा." आम्ही जागेवर येऊन नमस्कार केला आणि पहिल्यापासून केले. या वेळी एकविसावी हालचाल संपली तेव्हा पाय जवळजवळ निघाल्या जागी होते.

त्या रात्री खोली झाडताना (तिथे सगळेच झाडतात) आम्ही त्या तरुणाकडे तो निबंध काढला. आमची चूक झाली होती, असे म्हणालो. तो केरसुणी थांबवून हसला. "लक्षात आहे की सर. पाठच होतं ते. आज्ज्याबरोबर भजनाला जाऊन जाऊन झालेलं." मग थोडे थांबून म्हणाला, "शेऱ्याचं काही नाही वाटलं. परत लिहून आण म्हणाला असता, तर आणलं असतं."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. आमच्या शेऱ्यात असत्य काही नव्हते, पण तो शेवटचा होता. संहिता ज्याच्या अंगात मुरलेली होती, त्याला भाष्याकडे नेणे हेच आमचे काम होते आणि तिथे आम्ही निकाल देऊन मोकळे झालो. या सत्रात आम्ही निबंधांवर शेरे कमी लिहितो आणि 'पुन्हा लिहून आणा' असे जास्त. चाळीसांतली पंधरा-सोळा जणे आणतात. उरलेली आणत नाहीत आणि तपासण्याचे काम दुप्पट झाले आहे. वर्गात दहा मिनिटे मूळ पाठ मोठ्याने वाचायला लावतो, त्याला मुले कंटाळतात. यातून काय निष्पन्न होईल ते आत्ताच सांगणे घाईचे होईल.

आम्हाला पिवळा पट्टा मिळाला. लेकीने तो बांधायला दुसऱ्यांदा शिकवले. दुसरा काता सुरू झाला आहे. टाच अजून उचलते.