मावेल तेवढे

बदलीचा हुकूम आला की सरकारी नोकराच्या घरात दोन पक्ष पडतात. एक ‘हे घ्यायलाच हवे’ म्हणणारा आणि दुसरा ‘हे इथेच सोडून चला’ म्हणणारा. आमच्या घरी पहिल्या पक्षाचा मी एकमेव सभासद आहे. रांचीहून भुवनेश्वर आणि भुवनेश्वरहून शिलाँग अशा आमच्या वाटचालीत दोन कपाटे, एक झोपाळा आणि आजीच्या वेळचे पितळी पिंप मागे राहिले; परंतु गाण्याच्या बाबतीत मी कधी हार पत्करली नाही, अशी माझी बरीच वर्षे प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत कशी ढासळली ते सांगण्यापूर्वी आमच्या ‘डबी’ची ओळख करून दिली पाहिजे. काड्यापेटीहून थोडे मोठे असे हे गाणी वाजविणारे यंत्र मी खिशात बाळगतो. ते जुने झाले आहे. ३२ गिगाबाइटांहून मोठे कार्ड ते स्वीकारीत नाही. माझ्या संग्रहात मात्र सुमारे आठशे तासांचे गाणे आहे आणि त्याने २८० गिगाबाइट अडविले आहेत. येत्या महिन्यात तुरा येथे तीन आठवड्यांच्या तपासणीसाठी जायचे आहे, आणि एवढा संसार एवढ्या डबीत कसा मावणार, हा प्रश्न गेले आठ दिवस मला हिशेबाच्या वह्यांहून अधिक छळतो आहे.

“गाणी आता आकाशातून येतात, बाबा, साठवायची कशाला?” असे आमचे चिरंजीव विचारतात. प्रश्न वाजवी आहे. पण गारो टेकड्यांत एका वळणापलीकडे आकाश एकदम मुके होते, हे त्यांना ठाऊक नाही. शिवाय माझ्याजवळचे कितीतरी गाणे कोणत्याच आकाशात नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यातली बैठक, मध्येच कुणी तरी चहा विचारतो आहे, तबलजी हातोडी ठोकतो आहे. असला ऐवज विकत मिळत नसतो.

या डबीचे गणित मोठे निर्दय आहे. सीडीवरचे एक मिनिट सुमारे १० मेगाबाइट जागा खाते. ‘फ्लॅक’ नावाच्या पद्धतीने ते जवळजवळ निम्म्यावर आणता येते. होल्डॉलचे पट्टे आवळावेत तसा हा प्रकार. गाठोडे लहान होते, पण आतला एक धागाही कमी होत नाही. ‘एमपी-थ्री’चा न्याय निराळा. ज्या संशोधकांनी ती पद्धत सिद्ध केली, त्यांत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचा वाटा मोठा होता. त्यांनी एक गोष्ट हेरली होती: मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. मग तो ठेवायचा कशाला? कुणाच्या लक्षात येणार नाही ते वगळावे, हे धोरण आम्हा कचेरीतल्या माणसांना फार परिचयाचे आहे. असे वगळीत गेले की तेच मिनिट एका मेगाबाइटात बसते. आणखी दाबले तर पाव मेगाबाइटातही बसते.

हे पाव मेगाबाइटच माझे पाप आहे.

२००८ साली भुवनेश्वरला मी पहिली डबी घेतली, तिच्यात जागा होती ४ गिगाबाइट. घरात तासातासाच्या पावणेतीनशे कॅसेट होत्या. मी गणित मांडले, आणि अगदी खालची पायरी धरली तर सगळ्या मावतात, असे उत्तर आले. त्या उत्तराचा मला झालेला आनंद आज आठवला तरी शरम वाटते. दोन पावसाळे रविवारी खिडक्या लावून मी कॅसेट संगणकावर उतरवीत बसलो. संगणकाची तबकडी लहान. म्हणून प्रत्येक आठवड्याचे गाणे दाबून झाले की मूळ पुसून टाकी. पुढे बदली झाली तेव्हा कॅसेटची चार खोकी भंगारवाल्याला दिली. ‘एकही सोडली नाही,’ असे मी अभिमानाने सर्वांना सांगत होतो.

त्यांत एक कॅसेट आईची होती. १९८७ साली वाईच्या घरी वडिलांनी तिच्या नकळत टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. सकाळची वेळ, आई ताक घुसळते आहे आणि भूपाळ्या म्हणते आहे. बावन्न मिनिटे. आई गाणारी नव्हती. पण रवीच्या फेऱ्याबरोबर तिच्या बांगड्या वाजत आणि त्यांचाच ताल तिला पुरत असे. आई २०१५ मध्ये गेली. त्यानंतर किती तरी दिवसांनी एका रात्री मी ते ध्वनिमुद्रण लावले. आईचा आवाज होता, शब्द होते, रवीचा घुमाराही होता. बांगड्या नव्हत्या. त्यांच्या जागी वाळू चाळल्यासारखी एक बारीक फसफस होती.

कारण समजायला मला वेळ लागला नाही. त्या पायरीवर अकरा हजार कंपनांच्या वरचे काहीच टिकत नाही आणि त्याखालचे जे नाजूक असते तेही आवाजाच्या सावलीत आले की कापले जाते. काचेची किणकिण नेमकी तिथेच राहते. यंत्राने तिला अनावश्यक ठरविले होते आणि त्या ठरावावर सही माझी होती. आज बाजारात पाहिजे तेवढे मोठे कार्ड मिळते. पण एकदा टाकलेले ते कोणत्याही कार्डाने परत येत नाही.

म्हणून या खेपेला, सगळा संग्रह दाबला तर डबीत सहज बसेल असे दिसत असूनही, मी ते केले नाही. तेव्हा मला जुन्या तबकड्यांची आठवण झाली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांना आणि केसरबाईंना त्यातच राग बसवावा लागे. तेही संक्षेपणच, पण काय सोडायचे ते गाणारा स्वतः ठरवीत होता. विस्तार गेला, मात्र जे उरले त्यातला प्रत्येक क्षण भरघोस राहिला. यंत्र नेमके उलटे करते. लांबी सारी ठेवते आणि क्षण पोखरते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून जी तबकडी पाठविली, तिच्यावर साऱ्या मानवजातीच्या संगीताला दीड तासाच्या आसपास जागा मिळाली, आणि त्यात केसरबाईंची भैरवी आहे. आमच्या वाट्याला दीड नव्हे, नव्वद तास येतात. तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

तरीही निवड सोपी झाली नाही. प्रथम मी खात्याचा नियम लावून पाहिला: वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते बाद. या नियमाने वसंतराव देशपांडे निम्मे बाद होऊ लागले. हे मला पटेना. संरक्षण लेखा खात्यात नोकरी करता करता बदलीने याच ईशान्य सीमेकडे येऊन पडलेला तो माणूस. त्याला इथल्या पावसात मागे ठेवून मी पुढे जाणार? नियम मोडला. तेवढ्यात सौभाग्यवतींनी हरकत नोंदविली. “अहो, तुमच्या ख्यालांना दोन-दोन तास, आणि माझ्या गीतरामायणाला जागा नाही?” मी पंधरा गीते देऊ केली. छप्पन्न म्हणजे छप्पन्न, राम अर्ध्या वाटेत सोडता येत नाही, असे उत्तर मिळाले. ते बिनतोड होते. एका पंडितजींचे तीन दरबारी होते, त्यांतले दोन मी काढले. आणि कोणते काढले हे अद्याप कुणाला सांगितलेले नाही.

आईचे मुद्रण अर्थातच घेतले आहे. बावन्न मिनिटांना साडेबारा मेगाबाइट. साऱ्या डबीत एवढे स्वस्त दुसरे काही नाही.

गेल्या रविवारी बडोद्याच्या आतेभावाचा फोन आला. वडिलांनी त्या वेळी एक प्रत आत्याला पाठविली होती, असे वहिनी एकदा म्हणाल्या होत्या. म्हणून मी त्याला माळा धुंडायला सांगितले होते. बिस्किटांच्या डब्यात सोळा कॅसेट निघाल्या आहेत. एकीवर वडिलांचे अक्षर आहे, पण शाई विटलेली; ‘वाई’ एवढेच वाचता येते. ती वाजवून पाहू नकोस, असे मी त्याला बजावले आहे. जुनी फीत वाईट यंत्रात तुटते. डिसेंबरात रजा मिळाली तर स्वतः जाऊन येईन. तूर्त कार्डावर ६०० मेगाबाइट रिकामे ठेवले आहेत. त्यासाठी आणखी एक दरबारी काढावा लागला.