देवटेकचा दगड

नागभीड तालुक्यातल्या देवटेकचा एक लांबरुंद दगड आज नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात आहे. झाडीपट्टीतल्या माणसानं नागपूरला गेल्यावर त्याला भेटून यावं, असं मला मनापासून वाटतं. घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला भेटावं, तसं.

या दगडावर दोन लेख आहेत आणि दोहोंमध्ये सुमारे सहाशे वर्षांचं अंतर. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते लावले. पहिला प्राकृतातला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. कुणी स्वामी आज्ञा देतो आहे : जिवांना बांधू नका, मारू नका. ही आज्ञा अशोकाच्या धर्ममहामात्राची असावी, असं मिराशींचं मत. दुसरा लेख चौथ्या शतकातला, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. चिक्कंबुरी इथल्या त्याच्या धर्मस्थानाचा तो लेख आहे. चिक्कंबुरी म्हणजे देवटेकच्या शेजारचं आजचं चिकमारा. नव्या लेखाला जागा करताना जुन्याची काही अक्षरं छिलली गेली.

त्याच शतकात दूर रोमन साम्राज्यातल्या शहरांमध्येही हेच चाललं होतं. चौकाचौकांत अधिकाऱ्यांचे, दात्यांचे पुतळे उभे राहत आणि चौथऱ्यावर त्यांची स्तुती कोरली जाई. नवा दगड महाग, म्हणून जुनाच चौथरा फिरवून घेत, आधीचं नाव खरवडत, वर नवं चढवत. पुढे ब्राँझचे पुतळे वितळवले गेले, संगमरवरी पुतळे चुन्याच्या भट्टीत गेले. चौथरे मात्र पुष्कळ उरले. रोमच्या फोरममध्ये इ.स. ६०८ साली फोकास बादशहासाठी जुन्याच स्तंभावर सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा बसवला. आज तो पुतळा नाही. त्याचं तेज वर्णन करणारा लेख तेवढा खाली आहे.

रुद्रसेनाचा मला राग येत नाही. त्यानं देवाधर्मासाठी जागा बांधली आणि हाताशी असलेल्या दगडावर तसं लिहवलं. आपलं केलेलं मागे राहावं, ही ओढ कुणाला नसते? भामरागडकडचे माडिया लोक आपल्या मृतांसाठी उभे दगड पुरतात. त्यांवर एकही अक्षर नसतं, तरी कोणता दगड कुणाचा हे घरच्यांना माहीत असतं. सांगणारी माणसं असेपर्यंत दगडाला अक्षरांची गरज पडत नाही. कोरून ठेवावं लागतं ते आपल्याला कधीच न भेटणाऱ्या माणसासाठी.

आणि देवटेकचा पहिला लेख अशा माणसासाठीच आहे. त्यात कुणाची स्तुती नाही. ज्यांना वाचता येत नाही, बोलता येत नाही, अशा रानातल्या जिवांसाठी तो माणसाकडे काही मागतो. आज त्याच मुलखात ताडोबा आहे, १९५५ सालापासूनचं राष्ट्रीय उद्यान. नागभीडच्या कुशीत घोडाझरी अभयारण्य आहे. त्याच मुलखात मोहफुलं वेचायला पहाटे निघालेली बाई वाघाच्या तावडीत सापडते, तेंदूपत्त्याला गेलेला माणूस घरी परतत नाही. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीची आज्ञा उच्चारणं सोपं नाही. वाघाला जगू द्या म्हणणाऱ्यानं त्या बाईच्या चुलीचीही जबाबदारी घ्यायला हवी. जीव म्हटलं की त्यात तीही आली.

म्हणून तो दगड मला राजांच्या इतिहासापेक्षा मोठा वाटतो. छिन्नी चालूनही जे वाचता येतं, ते एका राजाच्या धर्मस्थानाचं नाव आहे आणि सगळ्यांच्या जिवाची काळजी आहे. धर्मस्थानाचं काम रुद्रसेनानं त्याच्या काळात पुरं केलं. काळजीचं काम अजून आपल्याकडे आहे.