सात पैशांचा फरक

आमचे अण्णा ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. इंदूरला रामबागेत तेव्हा सगळे म्हणायचे, ह्यांच्या घरातच आहे ते.

मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, तो अण्णांचा स्वभाव घेऊनच. सदा घाई, समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायचं. क्लोजिंगच्या रात्री सात पैशांचा फरक सापडेना, की छातीतले ठोके कानात ऐकू यायचे, हात गार पडायचे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी तोच फरक शोधताना निवांत शेव-परमल खायचा!

अमेरिकेतल्या फ्रीडमन आणि रोझेनमन ह्या डॉक्टरांनी हिशेबनीसांचं रक्त तपासून १९५८ साली निष्कर्ष छापले. कर भरायची मुदत जवळ आली की कोलेस्टेरॉल चढायचं, मग उतरायचं. वाचून हसलोच, हे तर आमचंच क्लोजिंग.

माझे डॉक्टर म्हणाले, घाईपेक्षा मनातला राग वाईट; आणि वडील पंचावन्नच्या आत गेले, हे आधी सांगायचं होतं. तोवर मला स्टेंट बसला होता.

मुलगा आता ४६चा. परवा फोनवर कुणावर तरी ओरडत होता. मी हात धरला, तर गारच. म्हटलं, तपासून घे रे.

“बाबा, मार्च संपू दे,” म्हणाला.